वादळाची थैली

कराकोल या डोंगराखालच्या गावात, वर जायला निघालेल्या माणसाचं सामान जिपारने बांधलं की घरचे निर्धास्त व्हायचे. असं एके काळी होतं. आता तिचं नाव निघालं तर लोक क्षणभर आठवल्यासारखं करतात आणि म्हणतात, "ती होय, थैली विसरलेली."

जिपारचा बाप ओस्मोन सोव्हिएत अमदानीत गिर्यारोहकांच्या तळावर कोठार सांभाळायचा. दोर, बर्फाच्या कुऱ्हाडी, तंबू, खिळ्यांचे बूट, सगळं त्याच्या ताब्यात. आई पहाटे गाईंकडे गेली की पोरगी बापाच्या मागे मागे कोठारात. तिथेच ती शिकली. झोपायची पिशवी तळाशी, कारण ती मुक्कामाला पोचेपर्यंत लागत नाही. जड वस्तू पाठीला चिकटून, नाहीतर चढावर सामान माणसाला मागे खेचतं. कोरडे लोकरी कपडे दुहेरी प्लास्टिकमध्ये. पावसाचा कोट अगदी वर. "पाऊस आला की माणसाला तळ उचकायला वेळ नसतो," ओस्मोन सांगायचा. काडेपेटी मेणात बुडवलेली, शिट्टी गळ्यात, टाचेला फोड येण्याआधी लावायची पट्टी वरच्या खिशात. पोरीच्या पाठीवर पिशवी अडकवून तो तिला कोठाराच्या पायऱ्या चढायला लावायचा आणि विचारायचा, "कुठे टोचतंय?" टोचत असेल तर सगळं उपसून पुन्हा भरायचं.

मग तो देशच मोडला. तळ बंद झाला, तंबू कुणी कुणी उचलून नेले, आणि ओस्मोन रिकाम्या कोठाराच्या दाराशी बसून दारू प्यायला शिकला. फार जगला नाही. मागे आई, जिपार, आणि जिपारच्या हाताखाली वाढलेला धाकटा कुबात. त्याला शाळेत सोडायचं, त्याचे कपडे शिवायचे, त्याने कुणाचं डोकं फोडलं तर त्या घरी जाऊन माफी मागायची, ही सगळी कामं जिपारची. आईचा जीव कुबातमध्ये, आणि जिपारचे हात. मध्येच जिपारचं लग्न झालं. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी आणली, जिपार आपली गादी गुंडाळून माहेरी परत आली. ही हकिगत ती इतक्याच शब्दांत सांगायची. कुणी जास्त विचारलं तर म्हणायची, "गादी चांगली होती. अजून वापरते."

परदेशी पाहुणे डोंगर बघायला येऊ लागले तेव्हा एर्किन नावाच्या माणसाने त्यांना वर घेऊन जायचा धंदा काढला. ओस्मोनची पोरगी म्हणून त्याने जिपारला कोठारावर घेतलं. कुबात तोवर उंचापुरा, हसरा, चार भाषांत थट्टा करता येणारा जवान झाला होता. तो वाटाड्या झाला. आणि स्वयंपाकाला शेजारची सोनुन. सोनुनचा नवरा रशियात मजुरीला गेला तो तिकडचाच झाला होता. आयपेरी नावाची मुलगी आणि म्हातारी सासू तिच्या गळ्यात. जिपार आणि सोनुन एकाच विहिरीवर वाढलेल्या. एकीने शिंकलं तर दुसरी रुमाल शोधायची.

दर सहलीला जिपार बाकीच्या सामानाबरोबर एक केशरी थैली बांधायची. तिला सगळे वादळाची थैली म्हणत. आत एक मोठी जलरोधक चादर, जिच्याखाली अख्खी टोळी गुडघ्याला गुडघा लावून बसू शकेल. छोटा स्टोव्ह आणि गॅसचा डबा. चकचकीत पातळ पांघरुणं. लोकरी मोजे, टोप्या, मेणबत्त्या, साखर. थैलीचं तोंड ती बापाच्या गाठीने बांधायची. ती गाठ ओढली की आवळत जायची, आणि एक टोक ठाऊक असलं तर एका झटक्यात सुटायची. ती थैली न उघडता परत आली की जिपार खूश. "माझी मेहनत वाया गेली, देवाची कृपा," म्हणायची.

त्या ऑगस्टमध्ये अल्माटी शहरातून एका कचेरीतली माणसं आली. तरुण, गुटगुटीत, गोंगाट करणारी. त्यांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, मांस भाजायचा कोळसा, बियरच्या पेट्या आणि गाणी वाजवायचा एक भोंगा. सकाळी गाडीत सामान चढवताना कुबात कपाळावर हात मारून उभा राहिला.

"एजे, घरातली भिंतीतली चूलपण दे ना बांधून! पाहुण्यांना तळं दाखवायला नेतोय मी, बिऱ्हाड हलवत नाहीये."

त्यांच्यात थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, आणि थोरल्या भावाला किंवा मानाच्या पुरुषाला आके. कुबातच्या तोंडी हा शब्द नेहमी लाडातच यायचा.

"चूल नको असेल तर खुर्च्या काढ," जिपार म्हणाली. "वर तुझ्या सासऱ्याचा दिवाणखाना नाहीये."

"पाहुणे आहेत. खुर्च्या त्यांच्या. आणि आकाश बघ की! काचेसारखं आहे."

"काच फुटायला वेळ लागतो का?"

सोनुन गाडीत बटाट्यांच्या पोत्यावर बसून हसत होती. "घाल गं घाल ती थैली. हा नुसता ओरडतो. थंडी वाजली की पहिला हाच घुसेल तिच्यात, आपल्या पायांसकट."

जिपारने थैली सोनुनच्या पायाशी ठेवली. सोनुनने तिच्यावर पाय ठेवले, जिपारने तिच्या पोटरीवर चापट मारली, आणि गाडी धूळ उडवत दरीच्या तोंडाकडे गेली, जिथून पुढे सामान घोड्यांवर चढायचं. हे सगळं तिला पुढे शंभरदा आठवायचं होतं, आणि आठवताना शंभरदा डळमळायचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर खिंडीत बर्फ आलं. ऑगस्टमध्येही येतं, त्यात नवल नाही. पण वारा असा होता की माणसाला उभं राहता येईना, आणि धुकं असं की पुढच्याची पाठ दिसेना. खिंडीपलीकडचा उतार त्यांना सापडला नाही. खडकांच्या आडोशाला सगळे दाटीवाटीने बसले. पाहुण्यांतली एक मुलगी वाटेत ओढ्यात पडून ओलीचिंब झाली होती. सोनुनने आपली झोपायची पिशवी तिला दिली आणि स्वतः ओल्या कोटात तिला मिठी मारून बसली. उजाडलं तेव्हा मुलगी जिवंत होती.

जिपार कोठारात दोर सुकत घालत होती तेव्हा एर्किन आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने आधी सोनुन गेल्याचं सांगितलं.  जिपारला रडूही फुटलं नव्हतं, तेवढ्यात त्याने विचारलं, "केशरी थैली कुठे आहे?"

"वर. त्यांच्याबरोबर."

"नव्हती. कुबात म्हणतो, वर सामान सोडलं तेव्हा ती त्यात नव्हतीच. तू दिलीच नाहीस."

"मी गाडीत ठेवली, आके. या हातांनी."

"मग काय, घोड्याने खाल्ली?"

कुबात घरी आला तेव्हा त्याचे ओठ फुटले होते आणि बोटांवर काळे डाग होते. बहिणीच्या गळ्यात पडून तो लहान पोरासारखा रडला. तिनेही त्याच्या केसांतून हात फिरवला, तो लहानपणी ताप आल्यावर फिरवायची तसाच. मग हळूच विचारलं, "कुबात, थैली?"

"नव्हती, एजे," तो तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला. "मी सगळं उपसलं. नव्हती."

तिने त्याच्यावर विश्वास ठेवला, हे या गोष्टीतलं सगळ्यात वाईट. ज्याला वाढवलं तो खोटं बोलेल यापेक्षा आपले हात चुकले असतील, हे तिला जास्त खरं वाटलं. दिवसभर ती त्या सकाळची उजळणी करायची. सोनुनचे पाय थैलीवर होते, की बटाट्यांच्या दुसऱ्या पोत्यावर? ती चापट याच सहलीची, की आधीच्या? इतक्या थैल्या बांधल्या होत्या की सगळ्या सकाळी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. आठवडाभरात तिला थैली कोठाराच्या कोपऱ्यात राहिलेली दिसायला लागली. नंतर तर तिथे ती नव्हती हेही तिला खात्रीने सांगता येईना.

सोनुनच्या अंगणात रीतीप्रमाणे शोकाचा तंबू उभारला होता आणि बायका आत विलाप करत होत्या. जिपार दारापर्यंत गेली. वीस वर्षांची आयपेरी डोक्याला काळं बांधून दारात उभी होती.

"तुम्ही आत येऊ नका."

"आयपेरी, बाळा, मी फक्त..."

"माझ्या आईला तुम्ही मोजे द्यायला विसरलात. आता रडायला बऱ्या विसरला नाहीत."

जिपार परत फिरली. चौकशी झाली, मृत्यू कोठारातल्या बाईच्या हलगर्जीमुळे झाला, असा निष्कर्ष निघाला. एर्किनने तिला कामावरून काढलं. त्याने आवाजही चढवला नाही. पुढे सहली थांबल्या नाहीत आणि कुबातही थांबला नाही. जिपार बाजारात दूध घ्यायला गेली तर बाया तिला आधी घेऊ द्यायच्या, म्हणजे ती लवकर निघून जाईल.

पानं पिवळी पडली आणि गुराखी वरच्या कुरणांवरून खाली उतरायला लागले. एका सकाळी फाटकाशी घोडा थांबला. खिंडीखालच्या कुरणावर तंबू टाकणारी बातमा नावाची बाई होती. खोगिरामागे बांधलेली एक केशरी वस्तू सोडून तिने जिपारच्या पुढ्यात टाकली.

"घे बाई तुझी अमानत. तुझा भाऊ ठेवून गेला होता. उतरताना नेतो म्हणाला, पण उतरताना त्याला कुठलं भान! आम्ही उघडलीसुद्धा नाही हं."

"का ठेवली?" जिपारने विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"एक घोडा लंगडायला लागला ना. ओझं जास्त झालं. मी म्हटलं, त्या खुर्च्या ठेव की इथे, आमची म्हातारी बसेल ऐटीत. तर म्हणाला, पाहुणे रागावतील. स्वयंपाकाची बाईपण म्हणाली त्याला, थैली बरोबर राहू दे. तिलाच हसला तो."

बातमा चहालाही थांबली नाही. जिपार उंबऱ्यावर थैली मांडीत घेऊन बसली. गाठ तशीच होती, बापाची, घट्ट, कुणी न सोडलेली. आधी तिला आनंद झाला. हो, आनंदच. आपण विसरलो नव्हतो, आपले हात खरे होते, म्हणून छाती अशी मोकळी झाली की तिने थैलीवर गाल टेकला. मग त्या आनंदाच्या मागून दुसरी गोष्ट आत आली, आणि तिने गाल उचलला.

कुबात जेवायला आला तेव्हा थैली जेवणाच्या चादरीच्या मधोमध ठेवलेली होती, भाकरी ठेवतात तिथे. आई एका कडेला बसलेली. कुबातने पाहिलं आणि तो दारातच खाली बसला.

"आकाश काचेसारखं होतं, एजे. तूही पाहिलंस."

"थैली का ठेवलीस ते मी विचारतच नाही. माणूस चुकतो. माझं नाव का घेतलंस ते सांग."

"एर्किन आकेने विचारलं आणि तोंडातून निघालं. निघालेलं परत कसं गिळू?"

"मी गिळलं ना इतके दिवस."

कुबात बूट खरवडत राहिला. मग त्याने मान वर केली. तो रडत नव्हता. "तुझं काय बिघडलं, एजे? कोठारातलं काम गेलं, दुसरं मिळेल. तुला ना नवरा, ना पोर. मला दोन आहेत. मी तुरुंगात गेलो तर त्यांच्याकडे कोण बघणार?"

जिपारने आईकडे पाहिलं. आई आता तरी त्याला थोबाडीत मारेल असं तिला वाटलं होतं. आई म्हणाली, "तू थोरली आहेस."

"अपा," जिपार आईला म्हणाली, "सोनुनची पोरगी मला खुनी समजते."

"समजू दे. सोनुन काही परत यायची नाही. एक घर बुडालं, म्हणून दुसरं बुडवायचं का?" आणि मग, जणू भाजी निवडायचं काम राहिलंय अशा सुरात म्हातारीने थैली ओढून घेतली. गाठ तिला सुटेना. जिपार हलली नाही. तेव्हा आईने मांस कापायची सुरी घेतली आणि थैलीचं तोंड कापलं. आतल्या जलरोधक चादरीचे तुकडे करून चुलीत घातले. काळा घाणेरडा धूर घरभर झाला. मोजे आणि टोप्या मात्र तिने बाजूला काढल्या. लोकर चांगली होती. त्या हिवाळ्यात कुबातची दोन्ही पोरं त्याच टोप्या घालून बर्फात खेळली, आणि आत्याच्या अंगाखांद्यावर चढली, आणि आत्याने त्यांच्या टोप्या कानांवर नीट ओढल्या.

वर्ष झालं. सोनुनचं वर्षश्राद्ध आलं. रीतीप्रमाणे घोडा कापला होता, सगळी आळी जमली होती. जिपारला बोलावणं नव्हतं, तरी ती गेली. रात्रंदिवस तोंडात धरून तिने ते एक वाक्य गुळगुळीत केलं होतं. अंगणात आयपेरी चहाच्या सामोवारमध्ये लाकडाच्या ढलप्या घालत होती. तिच्याभोवती चार-सहा बायका पेले पुसत होत्या.

"आयपेरी," जिपार मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी थैली दिली होती. कुबातने ती कुरणावर ठेवली. खुर्च्या वर नेल्या."

पेले पुसणारे हात थांबले नाहीत. कुणी "अरे देवा" म्हटलं नाही. आयपेरीने सामोवारचं झाकण बसवलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बातमाने खाली उतरल्या उतरल्या सांगितलं. तुमच्या दारी येण्याआधी आमच्याच दारी आली होती ती. सगळ्यांना ठाऊक आहे."

जिपारने बायकांकडे पाहिलं. एकीने मान खाली घातली. दुसरी म्हणाली, "जाऊ दे गं आता, जिपार. झालं ते झालं."

"मग मला कुणी काही बोललं का नाही? बाजारात तुम्ही मला अशा..."

"काय बोलणार होतो?" आयपेरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जिपारला बरं वाटलं असतं. "छप्पर गळत होतं ते कुबात आकेने घातलं. गवत तेच आणून टाकतात. आजचा घोडाही त्यांचाच. पुढच्या उन्हाळ्यात मला स्वयंपाकाला नेणार आहेत. ते आत गेले तर आमचं कोण बघणार, तुम्ही? तुमच्याकडे आहे काय?"

"मी तिची मैत्रीण होते."

"मग वर्षभर कुठे होतात?" आयपेरीने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "शरदात ठाऊक झालं होतं ना तुम्हाला? भावासाठी गप्प बसलात. आम्ही पोटासाठी बसलो. आता आज तुमचं मन हलकं करायला माझ्या आईचा दिवस कशाला हवाय?"

 जिपारने त्या एका वाक्यामागे दुसरं वाक्य तयारच केलं नव्हतं. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली. आयपेरीने झग्याला हात पुसले आणि अगदी साध्या स्वरात म्हणाली, "या आत. मांस निवतंय."

आणि जिपार आत गेली. बायकांनी सरकून तिला जागा दिली. तिच्या वयाला आणि मानाला शोभेल तो तुकडा तिच्या ताटात आला. पलीकडे पुरुषांच्या रांगेत कुबात वडीलधाऱ्यांना चहा देत होता. त्याने तिला पाहिलं, आणि मान हलवून हसला. तिने खाल्लं. उरलेलं मांस रीतीप्रमाणे पिशवीत बांधून घरी आणलं. आईने विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "पुष्कळ माणसं होती."

त्यानंतर तिने तो विषय कुठे काढला नाही. काढून करायचं काय? गुपित असतं तर फोडता आलं असतं. सगळ्या गावाला खरं ठाऊक होतं, आणि सगळ्या गावाने विचार करून खोटं ठेवून घेतलं होतं, कारण ते सगळ्यांना परवडत होतं. ते फक्त एकीलाच महाग पडत होतं, आणि तिच्यामागे कुणी नव्हतं.

एर्किन थकला तसा धंदा कुबातने घेतला. आई वारली, शेवटच्या दिवसांत अंगाखालचं काढायला जिपार होती, आणि हाक कुबातला होती. हल्ली जिपार दरीच्या तोंडाशी, जिथे गाड्या थांबतात आणि सामान घोड्यांवर चढतं, तिथे खोक्यावर मोजे आणि हातमोजे मांडून बसते. सगळे तिनेच विणलेले. खप बरा असतो.

कुबात तिथेच पाहुण्यांना गोल उभं करून निघण्यापूर्वीचं बोलणं करतो. आता त्याचं पोट सुटलंय, पण आवाज अजून तसाच गोड. काय काय बरोबर हवं ते तो एकेक वस्तू वर धरून दाखवतो, आणि मग आवाज खाली आणतो. "एकदा आमच्याकडे सामान बांधणारी एक बाई होती," तो सांगतो. "ती एक थैली विसरली. फक्त एक. आमची स्वयंपाकीण वर गोठून गेली. त्या दिवसापासून प्रत्येक पिशवी मी स्वतः तपासतो." पाहुणे गंभीर होतात. एखादी बाई डोळे पुसते. मग तो जिपारकडे हात करतो. "आणि मोजे त्या एजेकडून घ्या. तिच्यासारखे कुणी विणत नाही."

गेल्या जूनमध्ये हे बोलणं चाललं असताना आयपेरी घोड्याच्या बाजूला उभी राहून हंड्यांना दोरी बांधत होती. तीच आता वर स्वयंपाकाला असते. कुबात "गोठून गेली" म्हणाला तेव्हा ती दोरीची गाठ आवळत होती. तिने ती सोडली आणि पुन्हा आवळली. मग ती जिपारच्या खोक्याशी आली.

"एक जोड हातमोजे द्या. मागचे फाटले."

जिपारने जाड करड्या लोकरीचा जोड काढून दिला. आयपेरीने घालून बोटं मिटून पाहिली.

"बसतात?" जिपारने विचारलं.

"बसतात," आयपेरी म्हणाली. घोडे निघाले होते. ती त्यांच्यामागून चढाला लागली, आणि जिपार पाहुण्यांना मोजे दाखवायला उठून उभी राहिली.